मधली जागा

सोमवारी सकाळी डेन्व्हरमध्ये, कोलफॅक्स रस्त्यावरच्या सिग्नलला, डेल्फिनोने त्याच्या जुनाट पिकअपचा दुसरा गिअर टाकला आणि दांड्याची मूठ माझ्या डाव्या गुडघ्यावर आपटली. झालं ते एवढंच. कंपनीची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून आम्ही तिघं त्याच्या पिकअपमधून निघालो होतो. चालवायला डेल्फिनो, दाराशी ग्रेडी, आणि ग्रेडीचा देह एवढा अघळपघळ की मधे जेमतेम मी मावले होते. ते दोघं लिफ्ट दुरुस्त करतात आणि मी लिफ्ट तपासते. दार मिटताना मधे कोणाचा हात आला तर ते आपण होऊन परत उघडतं की नाही, हे दिवसभर बघत राहणं हे माझं काम. उशीर झाला म्हणून मी केस ओलेच ठेवून निघाले होते, आणि कॉलर भिजून मानेला गार लागत होती. "सॉरी, मार्नी," डेल्फिनो म्हणाला, "ही गाडी माणसं ओळखत नाही." ग्रेडी हसला, मीही हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की गुडघ्याचा हा फटका आणि मानेवरचं हे गार पाणी मला एकत्र ठाऊक आहे. दोन्ही एकाच वेळचं, एकाच दिवसाचं. मग सिग्नल सुटला. पुढचे तीन चौक ते दोघं काय बोलले, मला सांगता येणार नाही.

मधल्या जागेवरून आमच्याकडे, म्हणजे वर वायोमिंगमध्ये, एक विनोद आहे. तो सगळ्यांना येतो आणि तरीही प्रत्येक जण सांगतोच. पिकअपमध्ये तिघं बसलेत, त्यातला खरा मुरलेला गुराखी कोण? मधला. त्याला गाडी चालवावी लागत नाही आणि फाटकं उघडायला उतरावंही लागत नाही. दाराशी बसेल त्याने उतरायचं, मग तो पाहुणा असो, पाद्री असो नाहीतर नवी नवरी असो. फाटकं म्हणजे काटेरी तारेचीच. चार काठ्यांना तारा ठोकलेल्या, शेवटची काठी खांबाला खेटवायची आणि तिच्या डोक्यावर तारेची कडी अडकवायची. आणि नियम एकच. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण ते का उघडं आहे हे तुम्हाला माहीत नसतं. मी सात वर्षांची झाले तेव्हा बाबाने मला दाराशी बसायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून फाटक हे माझं काम झालं. शाळेत मला कोणी विचारलं की तू मोठेपणी कोण होणार, तर मला वाटायचं, होणार कशाला, मी झालेली आहे.

आणि मी नऊ वर्षांची असताना, ऑगस्टमध्ये, काउंटीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, वरच्या कुरणाचं फाटक बंद राहिलं. ते उघडं राहायला हवं होतं. वरचा झरा जुलैत आटतो, आणि त्यानंतर गायी त्या फाटकातून खाली पवनचक्कीच्या हौदावर पाणी प्यायला येतात आणि चरायला परत वर जातात, आपल्या आपण. आम्ही गायींना चाटायला मिठाचे ठोकळे ठेवायला वर गेलो, परत आलो, दुसऱ्या दिवशी जत्रेला गेलो आणि पाचव्या दिवशी घरी आलो. फाटकापलीकडे चौदा गायी तारेला अंग लावून पडलेल्या होत्या. तिथून हौदावरची चक्की फिरताना दिसते. पाण्याचा वाससुद्धा येत असणार त्यांना. त्यात पॅच होती, एका डोळ्याभोवती लाल वर्तुळ असलेली. ती माझी होती. आठव्या वाढदिवसाला मला दिलेली, माझ्या नावाने डाग दिलेली. मी तिच्याजवळ गेले नाही, आणि कोणी जा म्हणालंही नाही.

त्या संध्याकाळी जेवताना आजोबा नव्हते, छातीत दुखतं म्हणून ते पडून राहिले होते. आई बटाटे वाढत होती. बाबाने काटा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "त्या फाटकाबद्दल या घरात कोणी काही बोलायचं नाही. आज नाही आणि पुढेही नाही." आईने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि त्या नजरेत राग नव्हता हे मला नऊ वर्षांच्या अकलेलाही कळलं. फाटक माझं काम होतं. फाटक बंद राहिलं. बाप ओरडला नाही. यातून दुसरं काय निघणार? मी खाली मान घालून बटाटे खाल्ले, सगळे खाल्ले, आणि या माणसाचे उपकार आपण जन्मात विसरायचे नाहीत असं ठरवलं.

बाबाने गावात सांगितलं की कोणीतरी मासे धरायला आलेला शहरी माणूस फाटक लावून गेला असेल. पोस्टाच्या पायऱ्यांवर शेजारच्या रँचचा वेस्ली हुल्ट त्याला म्हणाला, "शहरातली माणसं फाटकं लावायला लागली? कधीपासून?" मी तिथेच पिकअपच्या पायरीवर बसले होते. हुल्टचं बरोबर होतं. शहरी माणूस फाटक उघडं टाकून जातो. उघडं फाटक बंद करण्याची चूक फक्त आमच्यातलंच माणूस करू शकतं, ज्याच्या हातांना लावून टाकायची सवय आहे. हुल्ट माझ्याकडे बघून हसला आणि त्याने दोन बोटं हॅटला लावली, आणि मला वाटलं, याला कळलं. पुढची नऊ वर्षं त्याचा पिकअप समोरून आला की मी सीटखाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकत असे. अठराव्या वर्षी मी डेन्व्हरला आले. मग दारांशी संबंध असलेलं काम धरलं. माझ्यासारखी घराला कुलूप लावून तीनदा परत येणारी बाई लिफ्टच्या तपासणीला अगदी योग्य, असं ग्रेडी म्हणतो. त्याला वाटतं ही माझी शिस्त आहे.

तीन आठवड्यांपूर्वी बाबाचा फोन आला होता. तो ब्याऐंशीचा आहे, आई जाऊन सहा वर्षं झाली, डोळ्यांत मोतीबिंदूच्या पलीकडचं काहीतरी आहे आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे. "हुल्टच्या पोराला वरचं कुरण हवंय," तो म्हणाला. "गायींसकट. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येतो म्हणालाय. तुला हवं असेल तर सांग. मी एकदाच विचारणार." मी म्हटलं, "नको रे बाबा. मला नाही जमायचं." मग "बरं" म्हणाला, आणि हवेबद्दल बोलला. फोन ठेवल्यावर मी दोन तास स्वयंपाकघरातली कपाटं उघडून साफ करत बसले. जमायचं नाही म्हणजे काय, ते त्याला माहीतच आहे, असं मी धरून चालले होते. ज्या मुलीने चौदा गायी मारल्या तिने पुन्हा दोनशे गायींची जबाबदारी घ्यायची नसते, हे आमच्यात न बोलता ठरलेलं आहे, असं मला वाटत होतं.

तर सोमवारी दिवसभर मी एका दवाखान्याच्या सहा लिफ्ट तपासल्या आणि डोक्यात दुसरंच तपासत राहिले. माझ्याकडे एक आठवण होती, अगदी लाडकी, जी मी वेगळ्याच खणात ठेवली होती. आजोबा पिकअप चालवताहेत, मी त्यांच्या शेजारी मधे, आणि ते क्लच दाबून "आता" म्हणाले की मी डाव्या हाताने गिअर टाकायचा. पहिला. मग दुसरा. दुसऱ्याला दांडा मागे येतो आणि मूठ गुडघ्यावर आदळते, आणि आजोबा म्हणतात, "गुडघा आवर, नाहीतर गाडी लंगडी होईल." मानेवर गार पाणी ठिबकतंय, कारण आईने माझ्या ओल्या केसांच्या बटा चिंध्यांना गुंडाळून गाठी मारल्या आहेत, म्हणजे सकाळी ते कुरळे होतील. ही आठवण मी पन्नासदा काढली असेल, डेल्फिनोलाही सांगितली असेल. पण चिंध्या का, असं मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. चिंध्या एकदाच बांधल्या होत्या. त्या वर्षी जत्रेच्या मिरवणुकीत मी घोड्यावर बसणार होते म्हणून. पुढच्या वर्षी मी जत्रेला गेलेच नाही, आणि आजोबा त्याच हिवाळ्यात वारले. म्हणजे गिअरचा दिवस आणि फाटकाचा दिवस हा एकच दिवस होता.

चौथ्या लिफ्टमध्ये मी दारात हात घातला, दार माझ्या मनगटाला लागून परत उघडलं, आणि मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटत होतं हे कबूल करायला हवं. स्वतःच्या डोक्यात कोणीतरी एवढी वर्षं खोटा कागद घालून ठेवला आहे असा संशय आला, तर माणूस आधी तो कागद उजेडात धरून बघतो. मी धरला. फाटक लावल्याची माझी आठवण अशी होती की मी खांबाला खांदा लावून काठी खेचते आहे, तार तळव्याला टोचते आहे, वाऱ्याने केस उडून तोंडात जाताहेत आणि मी ते थुंकते आहे. किती खरं वाटत होतं ते, केसांची चवसुद्धा. पण त्या दिवशी केस चिंध्यांत बांधलेले होते. एक बटसुद्धा सुटी नव्हती. आईने गाठी अशा मारल्या होत्या की रात्रभर डोकं टेकवता येऊ नये. मग तोंडात गेले ते केस कोणत्या दिवशीचे? मी लावलेल्या शेकडो फाटकांपैकी दुसऱ्याच कुठल्यातरी फाटकाचे असणार. माझ्या मनाला त्या दिवशीच्या फाटकाची आठवण हवी होती, ती सापडेना, म्हणून त्याने दुसरीकडची आणून बसवली. आणि मी एक्केचाळीस वर्षं तिला साक्षीदार मानत आले.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी होती, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. फाटक उघडं होतं. उघड्या फाटकाशी कोणी उतरत नाही. गाडी तशीच निघून जाते. मग त्या दिवशी उतरलं कोण, आणि कशाला? मी डोळे मिटून मधल्या जागेवर परत बसले, आणि उजवीकडे कोण आहे ते बघायला लागले. तिथे बाबाचा गुडघा होता. डाव्या गुडघ्याला गिअर, उजव्याला बाबाची जाड निळी पँट, तिच्यावर मिठाची पांढरी भुकटी. तो आजोबांशी भांडत होता. काय म्हणत होता ते शब्द गेले, आवाज राहिला आहे; दात मिटून बोलल्यासारखा. वरचं कुरण विकण्यावरून असेल, त्या वर्षी तेच चाललं होतं. मग तो म्हणाला, "थांबवा गाडी." हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. आजोबांनी थांबवली, तो उतरला, दार उघडंच टाकून मागे, फाटकाच्या दिशेने चालत गेला. आजोबा थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग मला म्हणाले, "येईल तो. तोवर आपण शिकू. पहिला टाक." दवाखान्याच्या चौथ्या लिफ्टमध्ये एक नर्स मला विचारत होती की बाई, वर जाताय की खाली. मी तिला म्हटलं, मला माहीत नाही.

मंगळवारी मी रजा टाकली आणि उत्तरेला निघाले. शायान शहर मागे पडलं की गाड्या विरळ होतात आणि समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो; डेन्व्हरमध्ये विसरलेली माझी बोटं तिसऱ्या गाडीला आपोआप उठली. सेजची राखाडी झुडपं, मधे मधे लाल मातीच्या घळी, कुंपणालगत धावणारी हरणं, जी उडी मारता येत असूनही तारेखालून सरपटत जातात. का, कोण जाणे. लहानपणी मी बाबाला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "त्यांना कोणी सांगितलं नसेल." मी बाबाला काय विचारणार होते? पाच तास मी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. मला राग येत होता, मग त्याची कीव येत होती, मग परत राग. त्याने केलं आणि मी केलं असं मला वाटू दिलं. मी त्या नजरेला क्षमा समजले, आणि ती होती काय? गप्प बस, असं सांगत होता का तो? नऊ वर्षांच्या पोरीवर ढकलून देताना माणूस असा बघतो? हे पटत नव्हतं. वासराच्या पायात काटा रुतला तर हा माणूस रात्रभर उठून बघायला जायचा. पण न पटणाऱ्या गोष्टीही खऱ्या असतात, हे मला कालपासून चांगलंच समजलं होतं.

बाबा व्हरांड्यात बसला होता. माझी गाडी त्याने दिसण्याआधी ऐकली असणार. "कोण मेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. आले अशीच."

"अशीच पाच तास कोणी येत नाही. पेट्रोल काय झाडाला लागतं?" पण तो उठला, कॉफी ठेवली, फ्रीजमधून काल उरलेलं मांस काढलं आणि चोकचेरीच्या, म्हणजे रानातल्या आंबट फळांच्या, जॅमची बाटली माझ्यापुढे सरकवली. आई गेल्यावर हा जॅम कोण करतं असं विचारलं तर म्हणाला, मीच करतो, त्यात काय, साखर ओतायची आणि शिव्या द्यायच्या. तो बारीक झाला होता. बाटलीवरचं नाव वाचायला तिला डोळ्यांपासून लांब, मग जवळ, मग परत लांब धरत होता. मी रात्री काही विचारलं नाही. सकाळीही नाही. मग तोच म्हणाला, "आलीच आहेस तर वर मीठ ठेवून येऊ. मला कोणी नेत नाही. हुल्टचं पोर नेईल, पण ते वाटेत फार बोलतं."

पिकअप तोच नव्हता, पण तसाच होता; लांब सीट, गिअरचा दांडा जमिनीतून आलेला. मी चालवायला बसले, बाबा दाराशी, आणि आमच्यामध्ये ती जागा रिकामी. त्याने तिच्यावर हॅट ठेवली. पहिल्या फाटकाशी मी थांबले आणि सवयीने माझं दार उघडायला गेले, तर तो म्हणाला, "बस. मी दाराशी आहे." तो उतरला, काठीला खांदा लावला, कडी निघेना. मी काचेतून बघत राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस खांबाला मिठी मारून श्वास टाकत होता, आणि मला उतरून मदत करता येत नव्हती, कारण ते त्याला चाललं नसतं. शेवटी निघाली. गाडी पलीकडे नेली, त्याने फाटक लावलं, परत येऊन बसला. "हे मला नवव्या वर्षी लागायचं?" मी विचारलं.

"हे? हे लागायचं. सैल होतं तेव्हा." तो धापा टाकत होता. "वरचं नाही लागायचं. ते फार ताणलेलं होतं. तुझ्या आईलासुद्धा लागायचं नाही."

वरच्या कुरणाच्या तोंडाशी आता फाटक नाही. बाबाने ते त्याच वर्षी काढलं आणि परत बसवलं नाही. नुसते दोन खांब आहेत, मधे मोकळं. तारेचं भेंडोळं अजून एका खांबाशी गवतात पडलेलं आहे, गंजून लाल झालेलं. तरीही तिथे आले की सगळे गाडी थांबवतात, मीही थांबवली. गिअर काढला, इंजिन चालू ठेवलं. खाली हौदावरची चक्की फिरत होती, आणि काही गायी त्या दोन खांबांमधून निवांत वर येत होत्या.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी मधे बसले होते."

कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही. "हो," तो म्हणाला. "मधेच होतीस. डोक्याला चिंध्या बांधून. बुजगावणं दिसत होतीस."

"आणि दाराशी तू."

"दाराशी मी." तो समोर बघत होता. "म्हाताऱ्याशी वाजलं होतं माझं. वाटलं, आता तोंडातून काहीतरी जाईल, म्हणून उतरलो. जरा चाललो. परत येताना हात रिकामे होते, तर त्यांनी आपलं काम केलं. फाटक लावलं. लावताना मला कळलंही नाही, मार्नी. पाचव्या दिवशी कडीच्या तारेला माझ्या हातचा पीळ बघितला तेव्हा कळलं."

मग इतकी वर्षं माझ्यात साठलेलं सगळं एकदम वर आलं आणि माझा आवाज फाटला. "आणि तू मला वाटू दिलंस की मी लावलं!"

तो वळला. त्याचे डोळे मला नीट बघू शकत नव्हते, तरी त्याने तोंड माझ्याकडे केलं, आणि त्या चेहऱ्यावर जे होतं ते नाटक नव्हतं. तो चकित झाला होता. "तू? तुला कसं वाटेल तसं? तू बघत होतीस."

"मी काय बघत होते?"

"मला. मी कडी घातली आणि वर बघितलं, तर आरशात तुझे डोळे. सरळ माझ्याकडे. गाडीजवळ येईपर्यंत बघत होतीस."

आरसा. अगं बाई, आरसा! मी तो माझ्याकडे वळवून घेतला होता, आणि आजोबा म्हणाले होते, आरसा सोड, गिअरकडे बघ. "बाबा," मी म्हटलं, "मी चिंध्या बघत होते. कशी दिसते ते बघत होते."

एक गाय गाडीला अंग घासून गेली आणि आम्ही दोघंही हललो. मग तो हळूहळू म्हणाला, जसा काही एकेक शब्द हातात घेऊन बघत होता, "मी आपलं धरून चाललो की तुला माहीत आहे. तुझी स्वतःची गाय मेली. तू आईला बोलली नाहीस, म्हाताऱ्याला नाही, कोणालाच नाही. मी त्या दिवशी जेवताना तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, ही आता बोलेल. तू मान खाली घातलीस आणि बटाटे खाल्लेस. सगळे. मला वाटलं, नऊ वर्षांच्या पोरीने मला माफ केलं."

"मला वाटलं, तू मला केलंस."

"मी? तुला?" त्याला हसू आलं, आणि हसता हसताच त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला. "म्हणून गेलीस तू इथून?"

"म्हणून गेले. माझ्या हातात फाटक देणं बरं नाही म्हणून."

"आणि मी म्हटलं, बरोबर आहे, जाणारच. असल्या माणसाच्या हाताखाली कशाला राहील ही." त्याने मधली हॅट उचलली, परत ठेवली. "हुल्टला त्या आठवड्यातच सांगितलं मी खरं काय ते. फक्त त्यालाच. तो म्हणाला, पोरीला सांगितलंस का. मी म्हटलं, तिला माहीत आहे."

म्हणजे हुल्टने हॅटला बोटं लावली होती ती नुसती लहान मुलीला लावतात तशी, आणि मी नऊ वर्षं सीटखाली वाकत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं आणि कोणावर ते कळत नव्हतं. "एकदा तरी बोलायचंस," मी म्हटलं.

"तू तरी कुठे बोललीस."

"तूच सांगितलंस, बोलायचं नाही!"

"हो," बाबा म्हणाला. "ते चुकलंच."

आम्ही मीठ ठेवलं. ठोकळे मीच उचलले, तो नुसता कुठे ठेव ते सांगत होता, आणि एका जागी त्याने बुटाने जमीन चाचपली आणि म्हणाला, इथे नको, पॅच इथे बसायची. एवढंच म्हणाला. परतताना हुल्टच्या कुंपणाकडून जाऊ म्हणाला, तो रस्ता बरा आहे. ऊन उतरत होतं. मी गाडी चालवत होते आणि ते चुकलेलं सगळं आयुष्य नीट रागावून आठवायला बघत होते, पण मधे मधे मला त्या बटाट्यांचंच हसू येत होतं. बाबा एकदा म्हणाला, "उद्या गुरुवार." मी म्हटलं, "माहीत आहे."

हुल्टच्या हद्दीवरचं फाटक बंद होतं. मी थांबले, तो उतरला, खटपट करून कडी काढली, फाटक फरफटत बाजूला नेलं. मी गाडी पलीकडे घेतली आणि थांबले. तो येईना. आरशात बघितलं तर तो शेवटची काठी हातात धरून उभा होता, एकदा खांबाकडे बघत, एकदा गवतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मला काच खाली करायची भीती वाटली. केली.

"मार्नी," तो म्हणाला, "हे उघडं होतं की बंद?"

त्याने ते आत्ता, मिनिटापूर्वी उघडलं होतं. तो गंमत करत नव्हता. आणि माझी ती जुनी खोड परत जागी झाली. उतरून बघावं, खुणा बघाव्यात, परत परत बघावं. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. मग काढून घेतला.

"बंद होतं."

"नक्की?"

"नक्की. मी बघितलंय, बाबा. लाव. आणि हुल्टच्या पोराला सांग, कुरण द्यायचं नाहीये."

मग त्याने खांबाला खांदा लावला, कडी घातली, तिला आपला पीळ दिला, एकदा हलवून बघितलं, आणि येऊन दाराशी बसला.